मतलई वाऱ्याचे तास

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी शहरे आहेत. पूर्वेला, रस्ता आणि पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात, ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहत आहे. सगळे तिला टीटीसी म्हणतात. पश्चिमेला, रस्ता आणि खाडी यांच्या मध्ये, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी असे एकाला लागून एक नोड, म्हणजे शहराचे भाग, आहेत. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच खारे वारे आणि मतलई वारे शिकलेले असतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो. रात्री जमीन पाण्याच्या आधी निवते, वारा उलटतो आणि जमिनीकडून पाण्याकडे वाहू लागतो. हा धडा नवी मुंबईच्या नकाशावर ठेवला की दिसते ते असे: दिवसाचा वारा घरांवरून कारखान्यांकडे जातो, रात्रीचा कारखान्यांवरून घरांकडे येतो. हिवाळ्यात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. डोंगराचे उतार आणि जमीन संध्याकाळनंतर झपाट्याने गार होतात, त्यांना लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. दुपारी हजार मीटरच्या वर पसरणारा धूर अशा रात्री काही शे मीटरांत, कधी त्याच्याही खाली, अडकून राहतो. वारा मंद, झाकण खाली आणि दिशा घरांकडची, हे तिन्ही एकाच वेळी जुळते ते मध्यरात्रीनंतर आणि पहाटे.

वाशी, कोपरखैरणे, घणसोली इथले रहिवासी रात्री उशिरा येणाऱ्या केमिकलच्या वासाची तक्रार वर्षानुवर्षे करत आले आहेत. तळोजा एमआयडीसीच्या शेजारी वसलेल्या खारघर आणि कळंबोलीतही तक्रार तीच आहे. कारखाने अंधाराचा फायदा घेऊन वायू सोडतात, असे त्यावर सर्रास म्हटले जाते. तसे कुठे होत असेल तर ते पकडले गेले पाहिजे आणि शिक्षाही झाली पाहिजे. पण एखाद्या कारखान्याने चोवीस तास एकाच दराने, अगदी परवान्यात बसेल एवढाच धूर सोडला, तरीही तो रात्री घरांपर्यंत जास्त पोचेल. म्हणजे रहिवाशांची तक्रार खरी ठरायला कोणाचा हेतू वाईट असण्याची गरज नाही. वाऱ्याची दिशा आणि हवेच्या थराची उंची एवढी कारणे पुरेशी आहेत. या शहरातला हवेचा प्रश्न कोणत्या तासाला आणि कोणत्या पदार्थाचा, असा आहे. आपण मात्र हवा मोजतो ती दिवसाच्या सरासरीत आणि कणांच्या वजनात. एरोसोलच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, संशोधनाने जे शिकवले आहे ते इथल्या कारभारात उतरायचे असेल तर मोजणीपासूनच सुरुवात करावी लागेल, असे माझे म्हणणे आहे.

एरोसोल म्हणजे नुसती धूळ, असा समज पक्का आहे. खडी क्रशरमधून उडणारी भुकटी, डंपरच्या चाकांखालची माती, समुद्राच्या लाटांतून उडणारे मीठ हे सगळे एरोसोलच. पण हे कण यंत्राने किंवा निसर्गाने दळलेले, त्यामुळे मोठे असतात. दुसऱ्या जातीचे कण हवेतच जन्माला येतात. कोळसा आणि फर्नेस ऑइल जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड काही तासांत किंवा दिवसांत सल्फेट बनतो, वाहनांतल्या आणि बॉयलरमधल्या नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रेट होते, द्रावकांच्या वाफांपासून सेंद्रिय कण तयार होतात, आणि अमोनिया या आम्लांना पकडून त्यांचे क्षार करतो. चिमणीच्या तोंडाशी ज्याला कण म्हणताच येत नाही असा वायू दोन-चार नोड पुढे जाऊन कण झालेला असतो. असे कण बहुधा एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात; माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. आता वजनाचे गणित पाहा. १० मायक्रॉन व्यासाच्या एका धूलिकणात जेवढा पदार्थ असतो, तेवढ्यात ०.१ मायक्रॉनचे दहा लाख कण होतात. नाकातले केस आणि घशातला ओलावा तो मोठा कण बऱ्याचदा अडवतात. लहान कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात, त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. तराजूला हे दोन्ही सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचे प्रदूषण आणि त्यातले कण यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले.

कणांची रसायने तपासली की काय हाती लागते याचे चांगले उदाहरण दिल्लीचे आहे. आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. हिवाळ्यात दिल्लीची दृश्यता एवढी का घटते, याचा शोध घेताना त्यांना कणांमध्ये क्लोराइडचे प्रमाण अनपेक्षितपणे जास्त आढळले. प्लास्टिकमिश्रित कचरा जाळल्याने आणि काही उद्योगांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ हवेत जाते, ती अमोनियाशी मिळून अमोनियम क्लोराइड होते आणि हा क्षार दमट हवेतले पाणी शोषून फुगतो. कण जे पाणी शोषतात त्यातला सुमारे अर्धा वाटा आणि दृश्यता घटण्यातलाही जवळपास तेवढाच वाटा या क्लोराइडचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. केवळ पीएम २.५चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या वजनाचा, आकडा पाहत बसलेल्या कोणालाही हे कळले नसते. नवी मुंबईत यातले घटक ओळखीचे आहेत: रसायन आणि औषध कारखान्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल रोजच्या वापरातले, उघड्यावर कचरा जळतो, आणि हवेतला दमटपणा तर कोकणाचा. अर्थात दिल्लीचे प्रमाण जसेच्या तसे इथे लावता येणार नाही. हा क्षार थंडीत टिकतो आणि ऊब मिळाली की पुन्हा वायू होतो. आपली जानेवारीची पहाट दिल्लीइतकी गार नसते. इथल्या कणांत सल्फेट किती, नायट्रेट किती, क्लोराइड किती, काजळी किती आणि सेंद्रिय भाग किती, हे इथेच, तासातासाला मोजावे लागेल.

डोळ्यांना दिसणाऱ्या धुराच्या मागे लागून खरे कारण निसटण्याचा प्रसंग लॉस एंजेलिसवर १९४०च्या दशकात येऊन गेला आहे. डोळे चुरचुरवणारे धुरके शहरावर बसू लागले तेव्हा तिथल्या प्रशासनाने कारखान्यांचा काळा धूर आणि गंधकाचे वायू यांच्यावर मोर्चा वळवला. त्यात सुधारणाही झाली, पण धुरके हटेना. कॅल्टेकमध्ये अननसाच्या स्वादाचे रसायनशास्त्र अभ्यासणारे आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या शास्त्रज्ञांनी हवेचे नमुने तपासले आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की मोटारी आणि तेलउद्योगातून निघणाऱ्या हायड्रोकार्बनच्या वाफा आणि नायट्रोजन ऑक्साइड सूर्यप्रकाशात एकत्र येऊन हे धुरके हवेतच घडवतात. तेलकंपन्यांनी त्यांच्या निष्कर्षांना कडाडून विरोध केला. पण पुढे याच रसायनशास्त्रावर तिथले वाहनांचे आणि इंधनाचे कायदे उभे राहिले, आणि कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्षही हागेन-स्मिटच झाले. शेकडो रसायन कारखाने, द्रावकांच्या टाक्या, बंदराकडे जाणारे ट्रेलर आणि वर्षातले आठ महिने लख्ख ऊन असलेल्या नवी मुंबईला लॉस एंजेलिसचा हा अनुभव दिल्लीपेक्षाही जवळचा आहे.

आता आपल्या मोजणीकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये ठरवलेल्या मानकांप्रमाणे पीएम २.५ची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असली पाहिजे आणि वर्षाची ४०च्या आत. (जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शक पातळी अनुक्रमे १५ आणि ५ आहे, ती तफावत हा वेगळ्या लेखाचा विषय.) समजा एखाद्या ठिकाणी रात्री एक ते पहाटे पाच हे चार तास पीएम २.५ची पातळी १५० राहिली आणि उरलेले वीस तास ४०. चार गुणिले १५० म्हणजे ६००, वीस गुणिले ४० म्हणजे ८००. एकूण १४०० भागिले चोवीस, उत्तर ५८. म्हणजे तो दिवस मानकाच्या आत, हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या भाषेत 'समाधानकारक'. त्याच चार तासांचा आकडा दिवसभर राहिला असता तर तीच मोजपट्टी हवेला 'अतिशय वाईट' म्हणाली असती. दमेकरी मुलाला मात्र श्वास त्या चार तासांतच घ्यायचा असतो. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण सरासरीचा गुण असाच आहे: ती शिखर कापून दरीत भरते. तासाची मोजमापे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर शोधणाऱ्याला मिळतात, हे खरे. पण इशारा, कारवाई आणि बातमी हे सगळे सरासरीवरच चालते.

वजनात आणि सरासरीत न बसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वास. देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर काढला जातो: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. बेन्झिनला २००९च्या मानकांत जागा आहे, वार्षिक ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, पण निर्देशांकात ते नाही. बाकीच्या द्रावकवाफा तिथेही नाहीत. सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड तर दोन्हीकडे नाही, आणि माणसाचे नाक तो एक अब्ज भागांत काही भाग इतक्या कमी प्रमाणातही ओळखते. त्यामुळे होते असे की, रहिवासी वासाची तक्रार करतात, अधिकारी केंद्राचा निर्देशांक पाहतात, तो ठीक असतो, आणि तक्रार तिथेच मिटते. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. ज्या यंत्राला तो वायू मोजायला सांगितलेलेच नाही त्याच्या आकड्यावरून तक्रार खोटी ठरवणे मात्र अन्यायाचे आहे.

या मुद्द्यावर पहिला आक्षेप येईल तो धुळीचा. नवी मुंबईत विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला, पारसिकच्या डोंगरात वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या, पुनर्विकासाची आणि नव्या टॉवरची कामे प्रत्येक नोडमध्ये आहेत, काँक्रीट मिसळण्याचे प्लँट आहेत, जेएनपीए बंदराकडे जाणारे ट्रेलर आहेत. वजनाने सगळ्यात मोठा वाटा धुळीचाच, मग आधी ती का आवरू नये? आवरावीच. बांधकामाला हिरवे कापड, डंपरला ताडपत्री, रस्त्याची यांत्रिक सफाई यांना कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. त्या धुळीत काम करणाऱ्या मजुरांची फुप्फुसे पहिल्यांदा वाचतील. अडचण अशी की आपण तिथेच थांबतो. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये नवी मुंबईही आहे. शहरांची प्रगती प्रामुख्याने पीएम १०वर तपासली जाते आणि पीएम १०चे वजन वाढवणारा सर्वांत सोपा घटक म्हणजे धूळ. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने जुलै २०२४ मध्ये देशभरच्या खर्चाचा हिशेब मांडला: ६४ टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीवर, साडेबारा टक्क्यांच्या आसपास वाहनांवर आणि उद्योगांच्या प्रदूषणावर अवघा ०.६१ टक्के. देशाची ही सरासरी आहे, पण ज्या शहरात घरे आणि रसायन कारखाने यांच्यामध्ये एका रस्त्याची रुंदी आहे, तिथे अशा प्राधान्यक्रमाचा अर्थ किती गंभीर होतो हे वेगळे सांगायला नको. पाण्याचे फवारे सल्फेटला रोखत नाहीत. ज्याचा आकडा मागितला जातो त्यावरच पालिका पैसे खर्च करणार. म्हणून चूक पालिकेच्या फवाऱ्यात शोधण्यापेक्षा आकडा ठरवणाऱ्यांकडे शोधली पाहिजे.

जानेवारी २०२१ मध्ये वातावरण फाउंडेशनने खारघरला पांढऱ्या फुप्फुसांचा एक फलक उभा केला होता. थोड्याच दिवसांत ती फुप्फुसे काळवंडली आणि छायाचित्रे सगळीकडे गेली. लोकांचे लक्ष वेधण्याचे काम त्या फलकाने चोख केले. पण काळे काय झाले, डिझेलची काजळी की कचऱ्याची राख की बॉयलरची, हे कापडावरून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय प्रदूषण मंडळाला कोणाच्या दारात जायचे हे ठरवता येत नाही. हे काम करू शकणारी माणसे दूर नाहीत. खाडीपलीकडे पवईत, आयआयटी मुंबईत, चंद्रा व्यंकटरामन यांनी एरोसोलच्या उगमांवर अनेक वर्षे काम केले आहे. दक्षिण आशियातल्या काजळीचा सर्वांत मोठा उगम लाकूड-गोवऱ्यांवर होणारा स्वयंपाक आहे, हे त्यांच्या गटाने २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडले. तोवर चर्चा बहुतेक गाड्या आणि कारखान्यांचीच होती. म्हणजे मोजले की आपल्या आवडीचा आरोपी सुटूही शकतो, आणि ती शक्यता उद्योगांनी आणि नागरिकांनी सारख्याच मोकळेपणाने स्वीकारली पाहिजे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या कोअलेस या प्रकल्पाचे नेतृत्वही त्यांच्याकडेच आले. देशातल्या बावीसच्या आसपास संस्था त्यात कार्बनयुक्त कणांचे उगम आणि परिणाम तपासत आल्या आहेत. त्यांची केंद्रे मुद्दाम शहरांपासून दूर, प्रादेशिक हवा कळावी म्हणून निवडलेली आहेत. तीच पद्धत शहराच्या आत, टीटीसी आणि तळोज्याच्या कुंपणालगत वापरायची आहे.

दुसरा आक्षेप समुद्राच्या नावाने घेतला जातो. आपल्याला किनारा आहे, वारा सगळे वाहून नेतो, दिल्लीशी तुलना कशाला? या विश्वासाला २०२२-२३च्या हिवाळ्याने तडा दिला. तेव्हा मुंबई महानगरातली हवा कित्येक दिवस दिल्लीच्या बरोबरीने वाईट होती. भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत, पुण्याला, सफर ही अंदाज यंत्रणा उभी करणारे गुफ्रान बेग यांनी नंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतून या हिवाळ्याचा अभ्यास केला. लागोपाठ तिसऱ्या वर्षी आलेल्या ला निनामुळे वाऱ्यांची नेहमीची घडी विस्कटली, उत्तरेकडून येणारा प्रवाह द्वीपकल्पापर्यंत उतरला, किनाऱ्यावर वारे मंदावले. परिणामी उत्तरेतल्या शहरांची हवा नेहमीपेक्षा सुधारली आणि मुंबईत पीएम २.५ची पातळी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, असे त्यांनी २०२४ मध्ये मांडले. काही जण यावरून असा अर्थ काढतात की दोष हवामानाचा आणि बाहेरून आलेल्या हवेचा, स्थानिक कारखान्यांनी आणि गाड्यांनी काय करावे? मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. बाहेरचा वाटा काही दिवस वाढला, हे मान्य. पण वारा थांबताच आकडा एवढा चढतो याचाच अर्थ आपण रोज एवढे हवेत सोडतो आणि एरवी वारा ते झाकून ठेवतो. शिवाय वारा ते कुठे नेतो? १९९९च्या जानेवारी ते मार्चमध्ये वीरभद्रन रामनाथन आणि इतर शास्त्रज्ञांनी इंडोएक्स मोहिमेत जहाजे, विमाने आणि उपग्रहांनी अरबी समुद्र आणि हिंदी महासागरावर पसरलेला तपकिरी धुरकट थर मोजला. आपल्या किनाऱ्यांवरून गेलेली हवाच ती. आणि मतलई वाऱ्याबरोबर पाण्यावर गेलेला काही भाग सकाळी खाऱ्या वाऱ्याबरोबर परत येतो, हे किनारपट्टीच्या अनेक शहरांत आढळते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: कारखाने आधी होते, घरे नंतर आली. हे ऐतिहासिक सत्य आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२चे. टीटीसीची आखणी त्याच दशकातली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात मांडली, ते शहर वसवणारी सिडको १९७०ची. आगरी-कोळ्यांच्या ९५ गावांच्या जमिनीवर ३४४ चौरस किलोमीटरचे शहर आखले गेले तेव्हा लोकांनी कामाच्या जवळ राहावे, हा हेतू चांगलाच होता. या कारखान्यांनी हजारो कुटुंबांना पोट दिले आणि ते हाकलून लावा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पण आधी आल्याने इतरांच्या श्वासावर हक्क मिळत नाही. १९८१च्या हवा कायद्याखालची संमती वर्षानुवर्षे ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावी लागत असे ती परिस्थिती बदलते म्हणूनच. आणि मोजणी कडक केली की उद्योग मरतो, ही भीती निदान सुरतेत खरी ठरली नाही. तिथे २०१९पासून तीनशेहून अधिक कारखान्यांवर, मुख्यतः कापड उद्योगातल्या, एक प्रयोग झाला. चिमणीत सतत मोजणारी यंत्रे बसवली, एकूण उत्सर्जनावर मर्यादा घातली आणि कोणी कमी सोडले तर उरलेला हिस्सा दुसऱ्याला विकण्याची मुभा दिली. बाजारात सहभागी कारखान्यांचे कण-उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले, आणि तेवढीच घट जुन्या पद्धतीने साधण्यापेक्षा खर्च कमी आला. हे शक्य झाले कारण प्रत्येक चिमणीचा आकडा विश्वासार्ह होता. महाराष्ट्रानेही २०१७ मध्ये कारखान्यांना तारांकन देण्याची योजना आणली, पण तिचा आधार चिमणीतले कण हा आहे. वायूतून नंतर होणाऱ्या कणांना तिथे जागा नाही, आणि टीटीसीसारख्या ठिकाणी तोच भाग महत्त्वाचा.

अभ्यास पुरे, आता कृती करा, असेही सांगितले जाईल. समित्या आणि अहवाल यांनी थकलेल्या माणसाचे हे म्हणणे मी समजू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये महानगरातल्या हवेची स्वतःहून दखल घ्यावी लागली, तेव्हाही अहवालांचा तुटवडा नव्हता. पण मी मागतो आहे ती आणखी एक अहवालाची फेरी नाही. ऐरोली, महापे, कोपरीपाडा-वाशी, सानपाडा, नेरूळ, कळंबोली, तोंडरे-तळोजा इथे स्वयंचलित केंद्रे उभीच आहेत. त्यांतल्या किमान दोन ठिकाणी, टीटीसीच्या पश्चिमेला एक आणि तळोज्याजवळ एक, कणांचे रासायनिक घटक आणि द्रावकवाफा तासागणिक मोजणारी यंत्रे जोडता येतील. कारखान्यांच्या चिमण्यांवरचे सततचे आकडे लोकांसमोर ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच राज्यांच्या मंडळांना सांगितले आहे. ते आकडे आणि रात्रीच्या वाऱ्याची दिशा एका नकाशावर आली तर वासाच्या तक्रारीचा माग काढायला भरारी पथकाला पहाटेपर्यंत फिरावे लागणार नाही. पुण्याच्या हवामान संस्थेने दिल्लीसाठी अशी प्रणाली बनवली आहे की उद्याच्या प्रदूषणात कोणत्या जिल्ह्याचा आणि कोणत्या क्षेत्राचा किती वाटा असेल ते ती आधी सांगते. तिच्यात वापरलेली उत्सर्जनाची यादी जुनी असल्याची टीका झाली, ती रास्त होती. त्यातून घ्यायचा धडा यादी ताजी ठेवण्याचा आहे. हे ज्ञान महाराष्ट्रात तयार झाले आणि वापरले गेले दिल्लीत. घाटाखाली आणायला अडचण ती कोणती?

अडचण खरे तर मालकीची आहे. नवी मुंबई महापालिका १९९२ची, पनवेल महापालिका २०१६ची. मध्ये सिडको, औद्योगिक जमिनीवर एमआयडीसी, बंदरावर केंद्राचे प्राधिकरण, चिमण्यांवर प्रदूषण मंडळ, रस्त्यावर वाहतूक पोलीस आणि परिवहन विभाग. तळोज्याचा धूर खारघरला येताना एका महापालिकेच्या हद्दीत असतो आणि पुढे बेलापूरला पोचला की दुसरीच्या. लॉस एंजेलिसने १९७०च्या दशकात चार काउंटींचे मिळून एकच हवा प्राधिकरण केले. दिल्ली परिसरासाठी संसदेने २०२१ मध्ये आयोगाचा कायदा केला. मुंबई महानगर प्रदेशासाठी डहाणूपासून अलिबागपर्यंत कुठवर हद्द न्यायची यावर वाद होऊ शकतो, पण ठाणे खाडीच्या दोन्ही काठांची हवा एक आहे याबद्दल वादाला जागा नाही. अशा संस्थेला संमतीपत्राच्या अटी तासांनुसार बदलण्याचा अधिकार हवा. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर कोणत्या प्रक्रिया थांबवायच्या, टाक्या भरण्याचे-रिकामे करण्याचे काम खाऱ्या वाऱ्याच्या वेळेत कसे न्यायचे, हे कारखान्यातल्या अभियंत्यांना चांगले कळते. कोणी तसे विचारलेले नाही, इतकेच.

या सगळ्यात सर्वाधिक घाईची बाब आता उलव्याशेजारी आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची, अंतिम नऊ कोटींची. विमानाच्या इंजिनातून निघणारे कण ०.१ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. संख्येने अफाट, वजनाने जवळजवळ शून्य. लॉस एंजेलिसच्या विमानतळाभोवती फिरत्या प्रयोगशाळेने मोजणी करून नीलाक्षी हुड्डा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की वाऱ्याच्या दिशेला १० किलोमीटरवरही अशा कणांची संख्या चौपट आणि १६ किलोमीटरवर दुप्पट असते. पीएम २.५ तोलणाऱ्या यंत्राला ही वाढ कळतही नाही. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर पनवेल आणि कामोठे आहेत, मतलई वाऱ्याच्या वाटेवर उलवे. कणांची संख्या मोजणारी यंत्रे तिन्ही ठिकाणी यंदाच्या थंडीआधी बसली, तर दुसरी धावपट्टी सुरू होईल तेव्हा तुलना करायला आधीचा आकडा हातात असेल. विमानांची संख्या वाढल्यावर मोजायला घेतले, तर तो आकडा मिळवण्याचा कोणताही मार्ग उरणार नाही.